पायचो

सकाळी सात. बायण्याचा किनारा.
इनास प्रत्येकाचं डायव्हिंगचं कार्ड हातात घेऊन बघतो.
माझ्या कार्डावरचा फोटो केस काळे असतानाचा.
'शेवटची डुबकी कधी, बाई?'
दोन वर्षं झाली, म्हटलं.
त्यानं वहीत काहीतरी खरडलं
आणि माझी जोडी स्वतःशीच लावली.

होडीत फळ्यावर खडूनं बेट काढलं त्यानं:
इथे खडक, इथे प्रवाळ, इथून पाणी ओढतं.
हात लावायचा नाही, टेकायचं नाही,
आणि अंगठा वर म्हणजे छान नव्हे,
अंगठा वर म्हणजे चला, संपलं.
पुण्याच्या दोघा भावांनी लगेच
एकमेकांना अंगठे दाखवून घेतले.

मी पोहायला शिकले वडूजच्या विहिरीत,
पाठीला सुका भोपळा,
काठावर दोर धरून मामा.
आज पाठीला सिलिंडर
आणि बुडता यावं म्हणून
कमरेला पाच किलो शिसं.
मामा असता तर म्हणाला असता,
पैसे देऊन?

मुखवट्यावर तळहात. मागे कलंडले.

पहिले काही मीटर नुसतं मुगाचं कढण,
लांब केलेल्या हाताची बोटंही पुसट.
कान दुखला, थांबले, नाक दाबलं, फुंकलं,
पुन्हा खाली.
मग तळ आपणहून वर आला.

जाहिरातीतले रंग नाहीत इथे.
करडं, मातकट, कुठे हळदीचा हात लागल्यासारखं,
वाळत घातलेल्या सांडग्यांसारख्या गाठी,
मांडणीवरच्या बश्यांसारखे थर.
अगदी जवळ गेल्यावर
गाठीगाठीवर मोहरीएवढी तोंडं,
आणि त्यांचं काहीतरी खाणं चाललेलं.
आईच्या गळ्यातल्या पोवळ्याला
कधी तोंड असेल असं
मला पन्नास वर्षांत सुचलं नव्हतं.

कपारीतून एक गोबरा बघत होता,
या म्हणेना, जा म्हणेना,
जेवणाच्या सुट्टीतल्या तलाठ्यासारखा.

चौदा मीटरवर इनास थांबला.
गंजून फुगलेला नांगर, एक फाळ कपारीत रुतलेला.
त्याच्यामागे खडकावर चर,
वीसेक हात, सरळ,
दोन्ही अंगांना दाट प्रवाळ, मध्ये नुसता चुरा.
इनासनं पाटी काढली, रोमन अक्षरांत लिहिलं,
माझ्यापुढे धरली: पायचो.

पायाचा?
माझ्या पायाचा धक्का लागला?
मी दोन्ही पाय पोटाशी ओढले,
मान वळवून पंख तपासले,
हात जोडले, पाण्याखाली जसे जोडता येतात तसे.
तो बघतच राहिला.
मग चराच्या कडेला आडवा तरंगला,
गाठी मारलेली सुतळी
नखाएवढ्या, ताज्या, फिकट कशाच्या तरी वर
न टेकवता धरली,
आणि पाटीवर आकडा लिहिला.

माझ्या काट्यावर सत्तर उरले.
त्यानं अंगठा वर केला.

पाच मीटरवर, दोराला धरून, तीन मिनिटं.
इतकी लांब तीन मिनिटं
मी फक्त दवाखान्याच्या बाकावर काढली आहेत.

होडीत चहा, मारी बिस्किटं, नाकात खारट पाणी.
माझा पाय कुठे लागला रे, विचारलं.
तो आधी हसला.
'पाय म्हळ्यार बापूय, बाई. बापाचा नांगर तो.'
वारं सुटलं होतं, नांगर फरफटला,
बापानं सुरीनं दोर कापला
आणि रात्री उशिरा घरी पोचला.
'दोन वर्षांनी मी जन्मलो.'

मग काढत का नाहीस तो?
इनास माणसं मोजत होता.
नऊ आले का, नऊ.
बोयाचा दोर त्यानं कडीतून सोडला, हातावर गुंडाळला.
'सात वर्षांत दोन बोटं,' म्हणाला,
नांगराबद्दल नव्हे.

इंजिन सुरू झालं.
मी पंख काढले.
घोट्यांवर रबराचे लाल वळ होते,
बायणं येईपर्यंत ते गेले नाहीत.