लेंड्या

उत्सवाच्या पहिल्या दुपारी
चर्चच्या मागून बार सुटले.
दिवसाउजेडी दारू उडवायची इथली रीत,
आकाशात दिसत काही नाही,
पांढरा धूर, आणि छातीत बसणारा आवाज.
गच्चीवरच्या टाकीचं झाकण थरथरलं.
झिब्जा कपाटाखाली शिरली
ती अंधार पडल्यावर ओढून काढावी लागली.

झिब्जा म्हणजे मणी. नाव रोमिनानं ठेवलेलं.
माझी लेक यंदा बापाकडे, गोझो बेटावर,
आणि ससा पडला माझ्या वडिलांच्या गळ्यात.

रात्री तिनं बडीशेपेच्या कोवळ्या पाल्याकडे पाठ केली.
सकाळी पिंजऱ्यातला कागद
अंथरला होता तसाच.
"कोरा," पा म्हणाले,
एखाद्या पोरानं उत्तरपत्रिका न लिहिताच परत द्यावी, तसे.

डॉक्टर ग्रेख अगदी पोरसवदा.
नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिला.
"आतडं थांबलंय. भीतीनं थांबतं यांचं.
दर तीन तासांनी भरवा, सुई नसलेल्या सिरिंजनं.
ऊब द्या, पोट चोळा,
आणि वाट बघा."
"कशाची?"
"लेंडीची, चेन्सूकाका."

आमच्याकडे रविवार म्हणजे ससा.
लसूण, तमालपत्र, लाल वाइन, मंद आच.
आधी रस्सा स्पगेटीवर, मांस मागून.
पा एका सकाळी सहा-सहा सोलायचे;
पायमोजा उतरवावा तसं कातडं निघायचं.
कानामागचा एकच फटका त्यांना
त्यांच्या आईनं शिकवला सातव्या वर्षी,
आणि बजावलं,
हात कापला तर त्याला दोनदा मरावं लागतं.

आता टॉवेलात गुंडाळलेली झिब्जा मांडीवर,
कान गार, दात करकरताहेत,
वाटीत गवताच्या भुकटीची हिरवी पेज.
एक थेंब आत, तीन सदऱ्यावर.
डॉक्टरनं कागदावर काढून दिलेलं चित्र
पांनी बघितलंसुद्धा नाही.
"हे जठर. हे इथं वळतं, ते मोठं आतडं,"
बोटं न दाबता फिरवत म्हणाले,
"मला आतून माहीत आहे सगळं."
आणि मग
बराच वेळ काही बोलले नाहीत.

खालून जोर्जा ओरडली,
"चेन्सू, लसूण सोलून ठेवू का?"
एरवी त्यांनी दुप्पट खारट उत्तर दिलं असतं.
त्यांनी खिडकी लावली.
फटीत रजई कोंबली.

दुसऱ्या रात्री संताची मूर्ती आमच्या गल्लीतून गेली.
साठ वर्षांत पहिल्यांदा
पांचा खांदा त्या पालखीखाली नव्हता.
झडपेआड उभे होते, छातीशी ससा,
एक तळवा तिच्या कानांवर.
क्रूस केला तो सिरिंज धरलेल्या हातानंच,
त्यामुळे कपाळावर हिरवा ठिपका.

अकरा वाजता. दोन वाजता. पाच वाजता.
मी मधेच डुलकी काढायची, ते नाही.
गरम पाण्याची बाटली बदलताना
तिला काहीतरी सांगत असायचे,
माझ्या आजीशी बोलायचे त्या स्वरात.

तिसऱ्या पहाटे हाक आली, हळूच,
बाळ जागं होईल अशा बेतानं.
कागदावर मिऱ्यांएवढ्या, वेड्यावाकड्या,
दोन तर केसानं एकमेकींना बांधलेल्या.
पांनी चष्मा लावून मोजल्या.
डॉक्टरला फोन केला. चार वीस झाले होते.
"नऊ," म्हणाले, आणि ठेवून दिला.

झिब्जानं पाल्याचं एक टोक ओढलं,
चावता चावता विसरली,
पुन्हा चावलं.

पुढच्या रविवारी जोर्जाकडून झाकलेलं भांडं आलं.
पा जेवले. रस्सा छान झालाय म्हणाले,
पावानं ताट पुसून घेतलं.
मग उठून हात धुतले,
साबण लावून, कोपरापर्यंत, दोनदा,
वास घेऊन पाहिला,
आणि तिसऱ्यांदा धुतले.
तिची भरवायची वेळ झाली होती.