जिथं बर्फाचा कारखाना होता तिथून

मानाग्वात पत्ता विचारला तर सांगतात:
जिथं बर्फाचा कारखाना होता तिथून
तलावाकडे दोन चौक, वर एक चौक,
मग हिरवं दार.
वर म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू.
कारखाना बहात्तरच्या भूकंपात गेला.
दार मागच्या वर्षी निळं झालं.
टॅक्सी बरोबर पोचते.

मी मेलानिया तेर्सेरो. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत
रात्रपाळीला एक म्हातारा प्रोग्राम सांभाळते.
माझ्या आधीचा माणूस कोस्टा रिकाला गेला,
मागे टिपण नाही, फक्त सिगारेटचं अर्धं पाकीट.
ओळ चारशे बारा:
गेटहोस्टबायनेम.
नाव द्यायचं, पत्ता घ्यायचा,
चार आकडे, मधे तीन ठिपके.
तीस वर्षं करतोय बिचारा, कुरकुर नाही.

खोड एकच.
उत्तर लिहायला त्याच्याकडे एकच पाटी.
दुसरं नाव विचारलंत
की पहिलं पुसून तिथंच दुसरं.
पाटी तुमच्या हातात असते, तीच, तशीच,
तुम्हाला वाटतं अजून पहिलंच लिहिलेलं आहे.
म्हणून परवा एका आजीबाईंचं हिमोग्लोबिन
बालरोग विभागाच्या प्रिंटरवर उमटलं,
आणि डॉक्टर उगार्ते फोनवर जे बोलला
ते इथं लिहीत नाही.

एक उलटं फंक्शनही आहे.
पत्ता द्या, नाव सांगेल.
बहुतेक वेळा सांगत नाही; पत्ता असतो,
त्याला नाव लावून ठेवायचं कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.
माझे वडील सांगायचे. पोस्टमन होते, एउसेबियो तेर्सेरो.
भूकंपानंतर मोजणीवाले दोऱ्या घेऊन आले
तेव्हा रिकाम्या मातीवर उभं राहून
त्यांनी ओळीनं नावं म्हटली:
इथं शिंपीण, इथं ते दोघे भाऊ, इथं कुत्र्यावरून भांडणारे.
मोजणीवाल्यांनी आकडे तेवढे लिहून घेतले.

पोस्टाचा शिक्का होता: सापडले नाही.
मारला की पत्र परत.
वडील मारायचे नाहीत. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहायचे,
पुन्हा पाहावे,
आणि पिशवीत टाकायचे. पिशवी पलंगाखाली.
आई म्हणायची, मेलेल्यांची टपाल घरात ठेवता.
चार वर्षांनी मसायाहून एक बाई परतली,
तिच्या भावाचं पत्र होतं.
तिनं ते त्यांच्यासमोर उघडलं नाही.
पिनोलीयो दिला, मोठ्या वाटीत,
आणि पिईपर्यंत दारात उभी राहिली.
एकसष्टांतलं एक.

आज पहाटे तीनला बघते तर
फंक्शनलाही दोन नकार येतात.
एक: असं नाव कुठंच नाही.
दुसरा: ज्याला माहीत असेल तो आत्ता गप्प आहे,
थोड्या वेळानं विचारा.
कोस्टा रिकावाल्यानं दोन्ही एकाच डब्यात टाकले होते:
"नाही", आणि प्रोग्राम बंद.
मी वेगळे केले. दुसऱ्याला थांबायला शिकवलं:
दोन सेकंद, चार, आठ.
आणि ती पाटी काढून नवं फंक्शन बसवलं,
ते उत्तरांची माळ देतं,
एक पत्ता पुढच्याचं बोट धरून.
काम झालं की माळ आपणच मोकळी करायची,
नाहीतर मशीनची मेमरी भरत जाते, भरत जाते,
एका रविवारी सगळं ठप्प.
मोकळी करायची ओळ मी लिहिली. दोनदा तपासली.

साठ पत्रं माझ्या कपाटात आहेत.

पाच वाजता टॅक्सी. पोरगा विशीतला,
आरशाला गुलाबी फासा टांगलेला.
कुठं, म्हणाला.
जिथं बर्फाचा कारखाना होता, मी सुरुवात केली,
तोवर त्यानं गाडी तलावाकडे वळवलीसुद्धा.