रफार

रुवीच्या मागच्या गल्लीत, लॉन्ड्री आणि सोनाराच्या मध्ये
आमचं टायपिंग सेंटर.
अरबी पानाला पाचशे बैसा, इंग्रजीला तीनशे.
मराठी फक्त मला येते, म्हणून मराठीचा दर
मालकाने अजून ठरवलेला नाही.

गुरुवारी शटर ओढायच्या बेतात असताना
तुळाजी शिर्के आला.
सोहारकडच्या साइटवर परांच्या बांधतो.
बुटांवर सिमेंट, खिशात घडीवर घडी घातलेला
मुलीच्या शाळेचा दाखला.
त्यावर कुणीतरी लिहून ठेवलंय:
किरती तुळाजी शिरके.
"दोन रफार खाल्ले, मॅडम,"
असं म्हणाला, जसं रेशनवाल्याने
दोन किलो मारावेत.
दहावीचा फॉर्म भरायच्या आत
प्रतिज्ञापत्र पाहिजे, वकिलातीच्या शिक्क्यासह.

मी लिहिलं. खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर, वगैरे.
स्क्रीनवर कीर्ती नीट बसली,
रफार माथ्यावर.
तो काचेजवळ तोंड नेऊन वाचत राहिला,
बोट न लावता,
ओल्या रंगाला लावत नाहीत तसं.

मग मी पीडीएफ केलं.

कीर्‌ती तुळाजी शिर्‌के.

र पाय मोडून जमिनीवर, आणि ती बाजूला एकटी.
विनंतीतली वेलांटी व ओलांडून पलीकडे,
सत्यातला त लंगडा,
आणि ज्ञ होता तिथे एक चौकोन,
रिकामा, बिनखिडकीच्या खोलीसारखा.
"हे तर शाळेपेक्षा वाईट," तुळाजी म्हणाला.

फॉन्ट बदलला. पुन्हा केलं.
पुन्हा बदलला.
एकदा तर अख्खी प्रतिज्ञा
कुठल्याशा बारीक, परक्या वळणात उतरली,
जणू भलत्यानेच घेतलेली.

मी त्याला समजावत होते:
कागद इथून निघताना
अक्षराने आपला फॉन्ट बरोबर न्यायचा असतो.
नाही नेला, तर पलीकडचं यंत्र
हाताशी असेल ते त्याच्या अंगावर चढवतं.
तो हसला.
पहिल्या दिवशी कंपनीने बॉयलर सूट दिला,
त्याच्या छातीवर अन्वर शिवलेलं होतं.
वर्षभर सगळे अन्वरच म्हणायचे.
"मी पण ओ द्यायचो."

पलीकडच्या टेबलावरून अब्दुल मुत्तलिब उठून आला.
खार्तूमचा. मराठीतला म त्याला कळत नाही,
पण कागद पाहून त्याने लगेच मान हलवली.
आमची अक्षरं हात धरून चालतात, म्हणाला,
आणि या यंत्रात शिरली की
हात सोडतात, वर उलटी चालायला लागतात.
मागे एका वधूपित्याचं नाव
त्याने असं शेवटाकडून छापलं होतं.
तो माणूस भांडला नाही. नुसता बघत राहिला.
हे सांगून अब्दुल मुत्तलिब चहा आणायला गेला,
तिघांसाठी.

शेवटी मी स्क्रीनचाच फोटो काढला
आणि तो पानावर डकवला.
आता त्यात शोधलं तर काही सापडणार नाही,
खोडायला गेलं तर काही खोडणार नाही.
कीर्ती आता अक्षरं नव्हती,
अक्षरांचं चित्र होती. कडा जरा धूसर.
तुळाजीने प्रिंट दिव्याखाली धरली,
अंगठ्याने हवेतच मोजले:
एक. दोन.
पैसे किती, विचारलं. मी म्हटलं, दर ठरलेला नाही.
तरी तो अर्धा रियाल
कीबोर्डखाली सरकवून गेला.

महिन्याने त्याचा मेसेज आला,
नव्या दाखल्याचा फोटो, तिरका, ट्यूबलाइट पडलेला.
कीर्ती बरोबर.
शिर्के बरोबर.
मध्ये बापाचं नाव: तुळजी.

मी लिहिलं, काना गेला की हो.
या गुरुवारी, पुन्हा करू.

बराच वेळ तो काहीतरी टाइप करताना दिसत होता,
थांबत होता, पुन्हा टाइप करत होता.
मग आलं:
राहू दे मॅडम,
मी कुठे दहावीला बसतोय.