पाचोळा झाडू नये

खोल्याच्या डोंगरावर आम्ही अकरा जण,
एक रडार, दोन जनरेटर (त्यातला एक नावापुरता),
तीन बाजूंनी समुद्र
आणि चौथ्या बाजूला शाबलो वेळीपची काजूची बाग.

जानेवारीत पाहणीला कमांडर बरुआ आले.
सगळं कुंपण पायी फिरले. म्हणाले,
लहान ठाण्यात चूक करायलाही जागा लहान असते.
वाक्य आवडलं, वहीत उतरवून घेतलं.

मग यादी.
काटेरी तारेचं दुसरं वेटोळं, पहिल्यापासून पंधरा पावलांवर.
जांभ्याच्या भिंतीला आतून वाळूची पोती
(वाळू किनाऱ्यावरची नको, खारं पोतं कुजतं,
हे मी म्हटलं. त्यांनी मान हलवली).
उष्णता टिपणारा कॅमेरा.
वरून घोंघावत येईल त्याच्यासाठी छपरावर जाळी.
दिव्यांची तोंडं बाहेर: येणारा उजेडात, आपण काळोखात.
मदत किती वेळात?
काणकोणहून पन्नास मिनिटं,
वळणावर ट्रक आडवा नसेल तर.
म्हणजे पन्नास मिनिटं तुम्हीच, ते म्हणाले.

आणि जीपमध्ये बसता बसता:
तो पाचोळा झाडून घ्या. आग लागेल.

जाळी आली, तार आली.
कॅमेरा रात्री साळिंदर दाखवतो, पिल्लांसकट.
एप्रिलच्या दुपारी मात्र तापलेला सडा आणि माणूस
त्याला एकाच रंगाचे दिसतात.

पाचोळा मी झाडला नाही.
आगीसाठी चर खणला, हातभर रुंद, आणि गप्प बसलो.
काजूचं वाळलेलं पान पापडासारखं मोडतं.
मुंगूस म्हणजे एक लांब सळसळ.
कुत्रा, चार घाईचे आवाज.
माणूस: दोन,
आणि मध्ये विचार केल्याची शांतता.

शाबलोला बी वेचायला जमीन साफ लागते.
कुंपणालगतच्या सात झाडांचं बी त्यानं यंदा सोडून दिलं.
ही रक्कम कुठल्याच मागणीपत्रात नाही.

त्या रात्री वीज गेली. पहिला जनरेटर खोकून बसला,
दुसरा नावाला जागला.
दोन आवाज. शांतता. दोन आवाज.
गोपीनाथननं रायफल वळवली. थांब! कोण?
"हांव रे, शाबलो."
भट्टीवरून थेट आलेला, अंगाला उर्राकाचा वास.
खाली खडपाआड होडी आहे, म्हणाला,
आमच्या गावची न्हय.
आमच्यात अशी गाठ मारत नाहीत.

होडीत काय निघालं ते इथे लिहायचं नाही.

कमांडर पुन्हा आले. पायाखाली बघितलं,
एक पान मुद्दाम मोडून ऐकलं,
चराची रुंदी बुटानं मोजली, दुप्पट करायला सांगितली.
भिंतीवरच्या आदेशांत आता चौदावा आहे,
माझ्याच अक्षरात.

पण जूनमध्ये पानं भिजतात.
मग कोणीही चालो, वाजत नाही.
त्यावर अजून कुणाला काही सुचलेलं नाही.