मांगूर

हातोदच्या बाजूनं, यशवंत सागरच्या काठाशी
हरलाल केवट मला मासे ओळखायला शिकवतो.
बँकेत छत्तीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या मी,
सियागंज शाखा, खिडकी नंबर चार;
त्याला वाटतं, या माणसाची नजर वाया जाऊ नये.

रोहूचे ओठ झालरीचे. कटल्याचं डोकं धडाला न शोभणारं,
लग्नात उसना फेटा बांधलेल्या पोरासारखं.
मरळ, तो सांवल म्हणतो,
पाटीत टाकला तरी सापासारखा वाट शोधत राहतो.
बोटभर पिल्लं परत. पोटात अंडी असलेली परत,
आणि ती सोडताना हरलाल पाण्याला हात लावून
कपाळाला लावतो. बोलत काही नाही.
मीही विचारलेलं नाही.

आज गळाला मांगूर आला.
आठ मिशा, अंग शेवाळलेल्या फरशीसारखं.
हरलालनं अंगठ्यानं मानेवरचा चिखल पुसला.
"पाछे को हाड़ देखो, बाबूजी."
डोक्याचं हाड जिथं संपतं तिथं
आपल्या मांगुराला एकच टोक, निमुळतं.
बाहेरून आणलेल्याला तीन.
तो बाहेरचा, कुणी तरी डबक्यात वाढवलेला, पुरात निसटलेला,
सगळं खातो: अंडी, पिल्लं, बेडूक, खाटकानं फेकलेलं.
त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं नाही.
आपल्याला सोडायचं, उरलाच किती तो.
म्हणजे हवा तो परत द्यायचा
आणि नको तो घरी न्यायचा.
मी हे दोनदा पुटपुटून पाहिलं. हिशेब बरोबर होता.

पण याला मधलं टोक होतं,
आणि दोन्ही अंगांना, चष्मा पुसून पाहिलं तर,
टोक म्हणावं असंही नाही, नाही म्हणावं असंही नाही.
हरलालनं मासा उन्हाकडे फिरवला,
बिडी पेटवली, लगेच विझवून कानामागे खोचली.
"दोगला हे. माँ याँ की, बाप वाँ को."
सूर तोच, ज्यात तो धरणातलं पाणी किती उतरलं ते सांगतो.

गेल्या महिन्यात पुण्याहून साडू आले होते.
मी म्हणालो, बसा ना, मी चहा पिऊनच राहिलोय.
त्यांनी कप खाली ठेवला, हसून विचारलं,
तुमच्याकडे घरात नक्की कुठली भाषा बोलतात?
सात पिढ्या झाल्या इथं, एवढंच सुचलं मला,
आणि तेही बशीकडे बघत.

"इणके पाछो मत छोड़जो," हरलाल म्हणाला, आणि गेला
होडी बांधायला.

ओल्या गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर पायाशी ठेवला.
कालानी नगर, बडा गणपती, मल्हारगंज,
दर सिग्नलला गोणपाट एकदा हलायचं.
दुसरा कुठलाही मासा असता
तर प्रश्न रस्त्यातच मिटला असता;
हा हवा गिळून तासन् तास जगतो,
आणि तेवढा वेळ माणसाला विचार करावा लागतो.

रामबागेत कुमुदिनीनं बादलीत डोकावून पाहिलं.
"खायचाय की पाळायचाय?"
मी हाडाबद्दल सांगू लागलो, टोकांबद्दल,
कुठला ठेवायचा आणि कुठला सोडायचा त्याबद्दल.
तिनं ओट्यावर काढलेली हळद डब्यात परत ओतली.
"इतकं निरखून पाहिलंत ना, आता चिरणार नाही तुम्ही.
सकाळी धुण्याला बादली लागेल मला."

रात्री साडेअकराला न्हाणीतून आवाज आला, टुप्.
वर येऊन, एक घोट हवा घेऊन
तो खाली गेला असणार.
मी दिवा लावला नाही.
उकिडवा बसलो, बाही सारली,
कल्ल्याजवळचा काटा चुकवत
त्या बिनखवल्यांच्या गार अंगावरून
बोट मानेपर्यंत नेलं, हाड संपतं तिथवर,
आणि अंधारात पुन्हा मोजायला लागलो.