टाच

आईनं नाव ठेवलं सिबहात.
सिबहात म्हणजे स्तुती.
देवाची, असं तिला म्हणायचं असणार.
मी ती, रात्रीतून पाट फोडावा तशी,
हळूच माझ्या वावरात वळवून घेतली.

बेराखी, तुला ठाऊक आहे हा कडा.
वर खडकात कोरलेलं मिकाएलचं देऊळ,
छतावर डोळेच डोळे असलेले देवदूत,
आणि खाली गेराल्टाची पोकळी,
जिथं गिधाडांच्या पाठी दिसतात.
एक्केचाळीस वर्षं चढलो, अनवाणी,
पहाटे, उपाशी, कमरेला क्रूस खोचून.
बोटभर खाचा, आधीच्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या.
चाळीस दिवसांचे मुलगे, ऐंशी दिवसांच्या मुली
पाठीला बांधून बाप्तिस्म्याला नेल्या.
तूही त्यातलाच. झोपला होतास.
पाय कधी घसरला नाही.

कधी घसरला नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही.
सांगायची वेळच येऊ नये, अशी तजवीज केली.
परदेशी माणसं कॅमेरे घेऊन यायची,
मी नेमका कड्याच्या टोकाशी असायचो,
प्रार्थनेत.
'मी कोण, पायाखालची धूळ,' म्हणायचो
आणि थांबायचो,
कुणीतरी 'नाही हो अब्बा' म्हणेपर्यंत.

लेतेब्रहान तीस वर्षं खालीच उभी राहिली.
उंचीनं तिला भोवळ यायची.
उंबराच्या खोडाला कपाळ टेकायची, बस्स.
उतरताना मी म्हणायचो, 'विश्वास कमी पडतो, बाई.'
ती म्हणायची, 'खरंय, अब्बा.'
मला वाटे, जिंकलो.

आणि पवित्र गुरुवारी गावाचे पाय धुवायचो.
द्राक्षाची पानं, ऑलिव्हची पानं, कोमट पाणी,
भेगा, कुरुपं, नखांतलं शेण.
तुझेही धुतले. सात वर्षांचा होतास,
गुदगुल्या होऊन हसलास.
मी डोळे वटारले.
वाकलेला मी किती शोभतो
हे बघायचं सोडून तू हसत होतास.

मग तो दिवस.
उतरताना तिसऱ्या खाचेशी गुडघा लटपटला.
पुढची खाच जिथं असते तिथं नव्हती.
खालून तुझा आवाज:
'डावा पाय सोडा, अब्बा. टाच माझ्या हातात द्या.'
मी म्हणालो, नाही.
उंबराची सावली पाणवठ्यापर्यंत सरकली
आणि मी पालीसारखा खडकाला चिकटून
नाही म्हणत होतो.
पडणं चाललं असतं मला.
पडलो असतो तर लोकांनी गाणी रचली असती.
धरलं जाणं नको होतं.

तो मासे धरणारा शिष्यही असाच अडून बसला होता,
माझे पाय? तू? छे.
तेव्हा गुडघे टेकून बसलेल्यानं त्याला जे सुनावलं
ते मी दर वर्षी वाचून दाखवायचो,
खणखणीत आवाजात,
दुसऱ्यांना.

शेवटी पाय दिला.
शेळ्यांच्या दोरांनी खरखरीत झालेला तुझा तळवा.
तू टाच उचललीस, खाचेत ठेवलीस,
मग उजवी, मग पुन्हा डावी,
चालायला लागलेल्या पोराची ठेवावी तशी.
एक्केचाळीस वर्षांच्या सगळ्या कमाईवर
टाच आली, बेराखी,
त्या एका टाचेपायी.

खाली लेतेब्रहान होती.
मला वाटलं, आता बोलेल.
तिनं पाण्याचं मडकं पुढं केलं
आणि सरकून उंबराखाली जागा दिली.

आता मी तिथंच असतो.
तिथून देऊळ दिसत नाही, नुसता खडक.
परवा कुणीसं म्हणालं, अब्बा किती नम्र झालेत.
मला बरं वाटलं.
तू लिहायला शिकलायस, तर हे लिहून ठेव:
त्याला बरं वाटलं.

उद्या गुरुवार आहे.
पानं तोडून आण, पाणी तापव.
माझे पाय धू.
हसू आलं तर हस.