साठ की चाळीस

उद्यमबागेत सहाची पाळी सुटते
तेव्हा ओतकामाच्या वाळूचा वास
शेडच्या पत्र्यांवर येऊन बसतो.
आज त्या वासाखाली एक लाल गाडी आहे,
इतकी बुटकी, की बॉनेटवर चहा ठेवायचा तर वाकावं लागतं.
ठेवू नये. तनवीरनं ठेवला. शिव्या खाल्ल्या.

निपाणीच्या डॉक्टर सुनयना उपाध्ये.
रविवारी चोर्ल्याच्या घाटात
काटा आठ हजारांवर नेतात,
सोमवारी दवाखान्यात लोकांचे रक्तदाब मोजतात.
तेल कुठलं घालणार, त्यांनी विचारलं,
पेशंट विचारतो तसं, उत्तर आधीच ठरवून.
त्यांना दहा डब्ल्यू साठ हवं होतं.
शर्यतवाले घालतात म्हणून.

खरं सांगायचं तर मलाही साठच हवं होतं.
बारा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, सांबऱ्याच्या रस्त्यावर
संकेश्वरच्या एका पोराची गाडी
मी भरलेल्या पातळ तेलावर पळाली.
आवाज असा, की पत्र्याच्या डब्यात
कुणी मूठभर नट टाकून डबा हलवावा.
बेअरिंग फिरलं होतं. क्रँक निळा पडला होता.
तेव्हापासून पातळ तेल
मी खालच्या फळीवर ठेवतो, फडक्यामागे.

कल्लाप्पा कडोलकर, माझे उस्ताद,
हल्ली दिसत नाही नीट, तरी येतात,
पिंपावर बसतात.
दोन बोटांत थेंब घेतात, बोटं लांब नेतात,
तार तुटायची वाट बघतात.
"एण्णी बरी हाय," म्हणाले. "पर कुणासाठी?"

एका डब्यावर दोन आकडे कशाला, तनवीरनं विचारलं.
"बेळगावचं तेल हाय ते," उस्ताद म्हणाले,
"गार असताना कन्नड बोलतंय, तापलं की मराठी."
शेड हसलं.
मी चौदाचा पाना शोधत होतो.

पहिला आकडा पहाटेचा, मी नंतर सांगितलं त्याला,
गार इंजिनात तेल किती लवकर वर चढतं त्याचा.
आपली पहाट डिसेंबरातही गोठत नाही,
पाच पुरे, शून्य नको.
दुसरा घाटाचा. तापल्यावर अंगात किती उरतं त्याचा.
आणि तिथंच माझं अडलं होतं.

"फट मोजलास काय?"

मोजली नव्हती.
बारा वर्षं तेल निवडत होतो
भीती मोजून.

रात्री टोपी उघडली.
मेणाची हिरवी काडी जर्नलवर ठेवली,
टॉर्क रेंचनं आवळलं, रेंच कट् म्हणाला,
परत खोललं.
चेपलेल्या काडीला कागदी पट्टी लावली
बॅटरीच्या उजेडात, श्वास धरून.
साडेतीन शतांश मिलिमीटर.
माझा एक केस उभा चिरला तर
त्याच्या निम्म्यात होईल एवढी जागा.
साठचं तेल तिथंही पोचेल,
पण मानपानासाठी अडून बसलेल्या मामासारखं,
अक्षता पडून गेल्यावर.

सकाळी डॉक्टर म्हणाल्या,
"पण साठनं दाब जास्त दाखवेल ना?"
"दाखवेल," मी म्हटलं, आणि गप्प बसलो.
त्या काट्याकडे बघत राहिल्या.
"माझ्याकडे रोज येतात असे," त्या म्हणाल्या,
"दाब भरपूर, पाय गार."
मग स्वतःच फळीखालून
फडकं बाजूला करून डबा ओढला.
पाच डब्ल्यू चाळीस.

ओतताना तेल मधासारखं दिसलं नाही,
तेलासारखंच दिसलं.
स्टार्टर मारला. वरनं टकटक.
उस्तादांनी बोटं मोडत मोजलं, एक, दोन,
तिसऱ्या बोटाला आवाज थांबला.
"झालं की," म्हणाले, आणि कुंदा मागितला.

आज रविवार. दुपारचे दोन.
घाटात रेंज नसते, हे मला माहीत आहे.
तरी पिंपावर बसलोय,
दोन बोटांत एक थेंब घेऊन,
बोटं जरा लांब, जरा अजून लांब.
तार अजून तुटलेली नाही.